सात व्होल्टांचं बाळंतपण

साधा मल्टिमीटर होता तोवर मी सुखात होतो. पाच व्होल्ट म्हणजे पाच व्होल्ट. मग हौसेने साडेसहा आकडी, म्हणजे फार बारीक फरकही दाखवणारा, मीटर घेतला आणि पहिल्याच रात्री त्याने पाचाच्या जागी ५.०००१४ दाखवलं. आता हे वरचे १४० मायक्रोव्होल्ट (व्होल्टाचे दहा लाखावे भाग) कुणाचे? पुरवठ्याचे की मीटरच्या थापा? छडा लावायला व्होल्टेज रेफरन्स बांधला, म्हणजे एकच ठरलेलं व्होल्टेज देत राहणारं सर्किट, मीटर ताडून बघायला. तो बरोबर आहे की नाही, हे कशाने बघायचं? त्याच मीटरने. चोराला पोलिसाची साक्ष, पोलिसाला चोराची.

माझा रेफरन्स एलएम ३९९ चा. चार पायांची, धातूच्या डबीतली चिप. पोटात स्वतःचा हीटर, तो तिला नव्वद अंशांच्या आसपास ठेवतो; अंगावर प्लास्टिकचं टोपडं. व्होल्टेज सातच्या जरा खाली, आणि नेमका आकडा प्रत्येक चिपचा निराळा. त्याचं मला काही वाटत नाही. आकडा कुठलाही असू दे बाई, फक्त बदलू नकोस, एवढंच मागणं.

ती बदलते. हा बदल पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाखांत एक; किलोमीटरभर रस्त्यात एक मिलिमीटर. सुरुवातीला ती जास्त सरकते, मग साधारण काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने मंदावते. पहिल्या हजार तासांत जितकी सरकली, तितकंच पुन्हा सरकायला पुढचे तीन हजार तास. म्हणून तिला महिनोन्‌महिने चालू ठेवून मुरवायचं. बंद करून पुन्हा चालू केली की ती जुन्याच आकड्यावर परतेल, याचीही खात्री नाही. मी बटणावर चिठ्ठी चिकटवली: ‘हात लावू नये.’ शेजारी एक वही ठेवली: तारीख, तापमान, दमटपणा, आकडा, शेरा.

मुरवण्यापेक्षा जास्त छळ तारांनी केला. दोन वेगळे धातू भेटतात तिथे थोडी ऊब कमीजास्त झाली की ते आपला स्वतंत्र व्होल्टेज काढतात. स्वच्छ तांब्यावर स्वच्छ तांबं असेल तर तापमानाच्या दर अंशाला मायक्रोव्होल्टचा छोटासा हिस्सा. तेच तांबं काळवंडलेलं असेल तर अंशाला हजार मायक्रोव्होल्टपर्यंत. एका रात्री शेवटचा आकडा मी वाकून बघितला की चढायचा आणि मागे सरलो की उतरायचा. अर्धा तास मी मागेपुढे होत होतो. शेवटी कळलं, माझा श्वास थेट पिनेवर पडतोय. तेव्हापासून नोंद घेताना मी श्वास रोखतो. मुलगी दारातून विचारते, “बाबा, झालं का? श्वास घेऊ का मी?”

एकटीवर भरवसा नको म्हणून आणखी दोन रेफरन्स बांधले. तिघांत मतदान होईल, फुटलेला पकडता येईल. पण आपसांत ताडून फक्त फरक कळतो. तिघे एकाच दिशेला निघाले तर कुणाला पत्ता लागणार? त्यात दोन नवे प्लास्टिकच्या अंगाचे. दमट हवेत प्लास्टिक ओल पिऊन फुगतं, आतल्या चिपला दाबतं, आकडा हलतो. कोरडे दिवस आले की गुमान परत येतो. मी वर्षभर ज्याला ‘म्हातारपण’ समजून आलेख काढत होतो, ते निव्वळ हवामान निघालं.

मग प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं ठरवलं. बंद करून न्यायची सोय नाही, म्हणून बॅटरी जोडून डबा मांडीवर घेऊन निघालो. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, “काय आहे हो यात?”

“सात व्होल्ट.”

“एवढंच? पाच सेल लावले की साडेसात होतात!”

परत आणला तेव्हा दाखल्यावरचा आकडा सहा दशांश स्थळांपर्यंत होता, आणि तो त्या दिवशीचा, त्या खोलीतला. घरी येईपर्यंत डब्याने किती हिसके खाल्ले, ते दाखल्यावर कुठे असतं?

एक गोष्ट मात्र मी पाहुण्यांना सांगतोच. १ जानेवारी १९९० ला जगभर जोसेफसन परिणामाचा (अतिवाहकांच्या जोडावर वारंवारतेवरून नेमकं व्होल्टेज मिळतं, त्याचा) एकच आकडा व्होल्टसाठी धरायचं ठरलं, तेव्हा अमेरिकेचा व्होल्ट एका रात्रीत ९.२६ पीपीएमने वाढवावा लागला. अख्ख्या देशाचा! बायको म्हणाली, “मग तुमचं तीन पीपीएमसाठी का एवढं चाललंय?” याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते ऐकायला ती थांबली नाही.

काल घरी आलो तर टेबल लख्ख. चिठ्ठी नव्याने, सरळ चिकटवलेली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात बायकोचं अक्षर: ‘सकाळी १०.१५. फडकं मारलं. पाच मिनिटं बंद होतं. परत लावलं. काही बिघडलेलं दिसत नाही.’

मी मीटर चालू केला. तो तापून स्थिर व्हायला दोन तास लागतात. पहिला तास मी वही उलटी ठेवून बसलो.