रंकाळ्याची फेरी आणि तिसरा नमस्कार

वर्तुळाकार मार्गावर एकाच ठिकाणाहून, एकाच वेगाने, परंतु विरुद्ध दिशांना निघालेल्या दोन व्यक्ती प्रत्येक फेरीत किती वेळा भेटतील, असे एक उदाहरण शाळेत घालत असत. उत्तर दोन वेळा असे येई आणि त्याला पूर्ण गुण मिळत. त्या दोन व्यक्तींची एकमेकांशी ओळख आहे की नाही, हे मात्र पुस्तकाने कधी सांगितले नाही. ओळख असेल तर ते उदाहरण राहत नाही, संकट होते; आणि कोल्हापुरात ओळख असतेच.

रंकाळा तळ्याभोवती सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक आपल्या पेठेतले असतात, उरलेल्यांपैकी निम्म्यांची सासुरवाडी आपल्या पेठेत असते आणि बाकीच्यांनी आपल्याला कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढलेले असते. पाहून न पाहिल्यासारखे करण्याची सोय मोठ्या शहरांत असेल. येथे तसे केल्यास दुपारच्या जेवणाच्या आत त्याचा निरोप घरी पोचतो आणि संध्याकाळी आईसमान वयाच्या एखाद्या काकू दारात उभ्या राहून, ‘लई मोठा माणूस झालास म्हणं,’ असे विचारतात. त्यामुळे नमस्कार चुकवता येत नाही. प्रश्न फक्त एवढाच उरतो की एकाच माणसाला एका सकाळी किती नमस्कार घालावेत.

पहिल्या भेटीविषयी शंका नसते. हात जोडावेत, क्षणभर थांबावे, प्रकृती विचारावी आणि गुडघ्यांची चौकशी करून पुढे जावे. दुसऱ्या भेटीत ‘काय, झाली का फेरी?’ असे विचारण्याची पद्धत आहे, यद्यपि फेरी पूर्ण झालेली नाही हे दोघांनाही स्वच्छ दिसत असते, कारण ती झाली असती तर दोघेही या वेळी घरी चहा पीत असते. तिसऱ्या भेटीत बोलण्यासारखे काही शिल्लक नसते, म्हणून नुसती मान हलवायची. चौथ्या भेटीला मानही जड होते आणि काम भुवईवर येते. त्यानंतर जे काही उरते ते चेहऱ्याचे स्नायू आपापल्या बुद्धीने करतात. यात आणखी एक अडचण अशी की चौपाटीच्या सरळ भागात समोरचा माणूस फार लांबून दिसतो. हसू नेमके किती अंतरावरून सुरू करावे, याचे शास्त्र अजून कोणी लिहिलेले नाही. लवकर सुरू केले तर तो जवळ येईपर्यंत ते टिकवून धरावे लागते आणि गाल दुखू लागतात. उशिरा सुरू केले तर ते त्याच्या पाठीला मिळते.

या सर्वाचे मूळ तळ्याच्या आकारात आहे. रंकाळा ही पूर्वी दगडाची खाण होती आणि प्राचीन काळी झालेल्या भूकंपाने तिच्यात पाणी भरले, असे सांगतात. त्या भूकंपाने तळ्याऐवजी ओढा काढून दिला असता, तर त्याच्या काठच्या रस्त्याला दोन टोके राहिली असती. माणूस जाताना एकदा आणि येताना एकदा भेटला असता आणि व्यवहार तेथे मिटला असता. शहराच्या मधून वाहत जाऊन पंचगंगेला मिळणारा जयंती नाला आपल्याकडे आहेच. नाल्यांच्या काठाने झाडी लावून पायवाटा काढाव्यात आणि नागरिकांनी तेथे फिरावे, अशी कल्पना जगात अनेक शहरांनी राबवली आहे, आणि माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. जयंती नाल्यातून शहराचे सांडपाणी वाहते तोपर्यंत तर तो पाठिंबा अधिकच आहे, कारण त्या काठाने चालणारा प्रत्येक जण नाकातोंडावर रुमाल बांधून चालेल, कोणी कोणाला ओळखणार नाही आणि माणसाला निदान चालणे तरी होईल. परंतु तूर्त तशी वाट नाही आणि रंकाळा आहे.

दिशेचा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. सर्वांनी एकाच दिशेने चालावे, म्हणजे समोरून कोणी येणारच नाही. आपल्या परंपरेने ही दिशा ठरवूनही दिलेली आहे. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो, म्हणून पाणी उजव्या हाताला ठेवून चालणे हे शास्त्रशुद्ध होय, असे मानणारा एक मोठा वर्ग रंकाळ्यावर आहे. दुसरा वर्ग उलट दिशेने चालतो आणि त्याच्याकडेही कारणे असतात. कोणाच्या डोळ्यांवर ऊन येते, कोणाला चहाची गाडी शेवटी लागलेली हवी असते आणि एका गृहस्थांचे मेहुणे पहिल्या वर्गात आहेत. तिसरा वर्ग शालिनी पॅलेस दिसेपर्यंत जातो आणि तेथून माघारी फिरतो. 1931 ते 1934 या काळात बांधलेल्या त्या राजवाड्याच्या मनोऱ्यावरील घड्याळाकडे पाहून ‘उशीर झाला’ असे म्हणण्याची त्यांची रीत आहे. शंकराच्या प्रदक्षिणेत सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचे पाणी वाहून जाण्याची पन्हळ, ओलांडायचे नसते, तेथून परतायचे असते, असा आधार त्यांच्यातील एक निवृत्त शिक्षक देतात. रंकाळ्याला हा नियम लागू आहे असे मी कोठे वाचलेले नाही, पण शिक्षकांशी वाद घालण्यासाठी थांबावे लागते आणि थांबले की मागून येणारे सगळे गाठतात.

कारण एकाच दिशेने चालण्यातला धोका मागच्या बाजूने असतो. समोरून येणारा माणूस निदान निघून जातो. मागून गाठणारा माणूस ‘अरे वा, सोबत झाली’ असे म्हणून आपल्या चालीला चाल लावतो आणि मग ‘गोकुळ’ दूध संघाच्या राजकारणापासून स्वतःच्या साखरेच्या आकड्यांपर्यंत सर्व विषय संपल्याशिवाय आपली सुटका होत नाही. आपण वेग वाढवला तर तो व्यायाम चांगला होतो म्हणून खूश होतो. वेग कमी केला तर त्याला आपल्या हृदयाची काळजी वाटू लागते.

या कचाट्यातून जन्मतः मुक्त असलेले काही लोक आहेत आणि त्यांचा मला हेवा वाटतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले अंधार असतानाच पळू लागतात; त्यांची नजर समोर आणि कान घड्याळाकडे असल्यामुळे त्यांच्याकडून कोणी रामरामाची अपेक्षा करत नाही. तालमीतले पैलवान मोकळ्या जागेत जोर काढत असतात आणि जोर काढणाऱ्या माणसाला हटकण्याची आपल्याकडे पद्धत नाही. चार-पाच जणींचा महिलांचा घोळका रस्त्याची सगळी रुंदी व्यापून येतो. त्यातील प्रत्येकीला दुसरीचे ऐकायचे असते, त्यामुळे समोरच्याने फक्त कडेला व्हायचे असते. कुत्रा घेऊन येणाऱ्यांना कोणी नमस्कार करत नाही, सगळे कुत्र्याशीच बोलतात. हास्यसंघाची मंडळी मात्र त्रासदायक होत. आपण समोरून जात असतानाच त्यांना एकदम हसण्याची आज्ञा मिळते आणि ते व्यायामाचे हसू आहे हे माहीत असूनही आपण शर्टाची बटणे तपासून पाहतो.

इथवरचे सारे मी सोसले असते. परंतु मुलीचे लग्न शहरातच झाले आणि व्याह्यांना त्यांच्या डॉक्टरांनी चालायला सांगितले. व्याही हा माणूस भुवईने निभावण्यातला नव्हे. त्यांना दर भेटीत पूर्ण नमस्कार घालावा लागतो, थांबावे लागते, ‘विहीणबाई बऱ्या आहेत ना?’ असे विचारावे लागते. आणि विहीणबाईंच्या प्रकृतीत चौपाटीपासून संध्यामठापर्यंत जाण्याइतक्या अवधीत फारसा फरक पडत नाही. आमच्या व्याह्यांची माणुसकी अशी की ते प्रत्येक वेळी, जणू वर्षाने भेटत आहोत अशा आवाजात, लांबूनच ‘या पाव्हणं!’ म्हणून हाक घालतात. ती ऐकून पोलीस भरतीची मुलेही वळून पाहतात. वाटेवर दुसऱ्यांदा भेट झाली की ते चहाचा आग्रह करतात आणि मी नको म्हणतो. तिसऱ्यांदा भेट झाली की नको म्हटल्याची आठवण काढतात.

याच सुमारास मी पक्ष्यांकडे वळलो. समोरून ओळखीची टोपी दिसू लागली की तळ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि पाण्यात काहीतरी अत्यंत महत्त्वाचे चालले आहे अशा मुद्रेने पाहत राहायचे, एवढीच ती युक्ती होती. निसर्गापुढे मग्न झालेल्या माणसाला कोणी हटकत नाही. तथापि इतका वेळ पाण्याकडे पाहिल्यावर नको असतानाही पक्षी दिसू लागतात. काठावर ध्यान लावून बसलेला वंचक उडाला की एकाएकी पांढरा होतो, पंख पसरून वाळवणारा तो पाणकावळा, काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा असलेला तो वारकरी, ही ओळख मला केवळ ओळखी टाळण्यातून झाली. परंतु गल्लीत माझी ख्याती पक्षीनिरीक्षक म्हणून पसरली आणि युक्ती उलटली. आता मी तळ्याकडे वळलो की जाणारे-येणारे माझ्या शेजारी थांबतात आणि ‘काय दिसलं?’ असे विचारतात. दोघे थांबलेले पाहून आणखी चौघे थांबतात. मागून व्याही येतात आणि ‘आमचे पाव्हणे आहेत’ असे सांगून प्रत्येकाची ओळख करून देतात.

पावसाळा आला की थोडी उसंत मिळते, कारण बोलायला विषय मिळतो आणि तो दर भेटीला नवा असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेली की धोका पातळी, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. पहिल्या भेटीत पातळी विचारायची, दुसऱ्या भेटीत ती किती इंचांनी वाढली ते सांगायचे, तिसऱ्या भेटीत राधानगरी धरणाच्या 7 स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले याची वार्ता द्यायची आणि चौथ्या भेटीत तिच्यात दुरुस्ती करायची. तिसऱ्या नमस्काराचा प्रश्न इतक्या सफाईने सुटलेला वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही काळात मी पाहिलेला नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांत मात्र फेरीचे नाव कोणी काढत नव्हते. तेव्हा जो भेटेल तो एवढेच विचारत होता की तुमच्या दारात पाणी कुठवर आले. त्या दिवसांत एकाच माणसाला दहा वेळा विचारले तरी कोणाला ते जास्त वाटले नाही.

पाऊस ओसरला आणि मी दिशा बदलण्याचे ठरवले. व्याही पाणी उजव्या हाताला ठेवून चालणाऱ्यांपैकी होते, म्हणून मीही तसेच निघालो. त्यांच्या मागे बेताचे अंतर ठेवून चालले की आयुष्यभर भेट होणार नाही, असा माझा हिशेब होता. संध्यामठाच्या अलीकडे समोरून ‘या पाव्हणं!’ ही हाक आली. आपल्यामुळे पाव्हण्यांना वारंवार थांबावे लागते, त्यांच्या व्यायामात खंड पडतो, या विचाराने त्यांनीही त्याच दिवशी दिशा बदलली होती. हे त्यांनी मला फार हळवेपणाने सांगितले आणि मीही तितक्याच हळवेपणाने ऐकले, कारण तेवढा वेळ थांबणे भाग होते.

अखेर हा तंटा घरातल्या स्त्रियांनी फोनवरून मिटवला आणि आम्ही दोघांनी बरोबरच चालावे असे ठरले. त्यामुळे व्याह्यांना नमस्कार करण्याचा प्रश्न संपला, पण व्याह्यांना ओळखणारे सारे शहर माझ्या वाट्याला आले. दर दहा पावलांवर ते थांबतात, मला पुढे करतात आणि मुलीच्या लग्नातला एखादा प्रसंग पहिल्यापासून सांगतात. रंकाळ्याच्या नंदीविषयी अशी समजूत आहे की तो रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तळ्यापाशी पोचेल त्या दिवशी जगबुडी होईल. त्याच्या या गतीची लोकांनी नाना कारणे सांगितली आहेत. वाटेत त्याला ओळखीचे किती भेटत असतील, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आमचीही फेरी आता पूर्ण होत नाही. जेथे पोचतो तेथून आम्ही गंगावेशीकडे वळतो, समोर म्हशीची धार काढून दिलेले दूध एकेक पेला पितो आणि चालण्याने भूक चांगली लागते यावर आमचे एकमत होते.

परवा गंगावेशीकडे वळण्यापूर्वी व्याह्यांनी मला कोपराने खुणावले. कडेच्या गाडीवर त्यांचे डॉक्टर उभे होते. तेलकट सोडा, चाला, असे ज्यांनी लिहून दिले होते तेच हे डॉक्टर. त्यांच्या हातात कटवड्याची बशी होती, कट अगदी काठापर्यंत भरलेला होता आणि वर शेव होती. व्याह्यांनी नेहमीच्या आवाजात हाक घातली. डॉक्टरांनी ती ऐकली, बशी छातीशी धरली आणि संथपणे तळ्याकडे तोंड करून ते पाण्यात काहीतरी निरखून पाहू लागले. तेथे एकही पक्षी नव्हता, हे मी अधिकाराने सांगू शकतो. तरीही मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि ‘काय दिसलं?’ असे विचारले.