दहा फूट पुढे

डिपॉझिटमधून साडेतीन हजार कापले, हे आज सकाळी कळलं. कारण: ‘छपराला पोचा’. पोचा कसा पडला ते सांगू लागलो, तर गाडी भाड्याने देणारा हसला. त्याला नाही पटलं, तुम्हाला तरी पटतंय का बघा.

शाळेत घोकलेली १०५ किलोमीटरची किनारपट्टी, केरीपासून पोळेंपर्यंत, कॅरॅव्हॅनमधून तीन दिवसांत पालथी घालायची, ही कल्पना मेव्हण्याची. आम्ही राहतो म्हापशाला. “घर असताना गाडीत निजायचं?” असं बायकोने विचारलं होतं, तेव्हाच ऐकायला हवं होतं. पहिल्या दिवशी शापोऱ्याच्या जेटीवर बांगडे घेतले आणि ते गाडीतच तळले. गाद्यांना अजून वास आहे. त्याचे पैसे मात्र कापलेले नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलो आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या बांधाजवळ, माडांच्या कडेला गाडी लावली. समोर मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीला पाणी आत लोटू लागलं की लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं. वीज नाही, मोटर नाही. माणसाची मर्जी मात्र चालते. मानशीची मासळी लिलावात घेतलेल्याला सुंगटं, म्हणजे कोळंबी, हवी असतात, म्हणून तो खारं पाणी आत सोडतो आणि शेताचा जीव जातो. खाऱ्यात तग धरणारं कोरगुट भातही शेवटी किती सोसणार? हे मी मेव्हण्याला समजावत होतो, एवढ्यात तोंडावर बॅटरी पडली.

बॅटरीमागे धोतर नेसलेले, सत्तरी ओलांडलेले भाटकार, म्हणजे त्या भाटाचे, माडांच्या जमिनीचे मालक.

“हांगा रावतले?”

“एकच रात्र, बाब.”

“सगळे अशेंच म्हणटात. एक रात, मागीर एक पावस, मागीर घराक लंबर.”

आत वाकून पाहिलं. रांदनी आसा? आसा. न्हाणी? आसा. “मागीर हें घर न्हय तर कितें?”

“घराला चाकं असतात का?”

“चाकां काडूंक कितलो वेळ लागता?”

तेव्हा उजेड पडला. यांना मी मुंडकार वाटत होतो! भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला १९७५च्या कायद्याने सहजी हुसकता येत नाही, उलट तो जागा विकत मागू शकतो. त्या धसक्यातून गोव्यातले म्हातारे भाटकार अजून उठलेले नाहीत. यांनी घरून एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, आणून मला वाचायला लावला. मग लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं, ‘सदर जागेवर माझा कसलाही हक्क नाही’. सही. साक्षीदार मेव्हणा. शेवटी त्या दिवशीचं वर्तमानपत्र माझ्या छातीशी धरून, गाडीसह फोटो. पळवून नेलेल्या माणसाचा काढतात ना, तसा.

बायको आतून हसत होती. मी नव्हतो. कारण शंभर पावलांवर शेताच्या कडेला लाल मातीचे ढीग होते आणि व्हिलांचा चकचकीत फलक. तिथे कुणाच्या छातीला वर्तमानपत्र लावलं? दिल्लीहून येऊन कोटीत बोलणाऱ्याला चहा, आणि अकरा वर्षं म्हापशात भाड्याने राहणाऱ्या माझ्यासारख्या गोंयकाराकडून लग्नपत्रिकेवर सही! या पगारात मला इथे माडाची सावलीसुद्धा विकत मिळणार नाही. हे त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, “तें भाट म्हजें न्हय, भावाचें,” आणि भावाशी असलेल्या खटल्याची हकीकत पाऊण तास सांगितली. वकील तिसरा चालू आहे.

रात्री दोनला काचेवर टकटक.

“उठ बाबा, गाडी धा फूट फुडें काड. रातभर एकाच जाग्यार नाका.”

“का?”

“ताबो जाता.” म्हणजे ताबा सिद्ध होतो.

वाद घालायचं त्राण नव्हतं. लुंगीत, अनवाणी, गाडी दहा फूट पुढे घेतली. वरच्या खाटेवरचा मेव्हणा खाली आला. त्यानेही गोंयच्या सगळ्या भाटकारांचा उद्धार केला.

पहाटे चारला छपरावर बाँब पडल्यासारखा आवाज झाला. मघाच्या जागी डोक्यावर मोकळं आकाश होतं. नव्या जागी बरोबर माथ्यावर माड.

बॅटरी पुन्हा आली. मला वाटलं, विचारपूस करतील. त्यांनी गाडीखाली वाकून हात घातला, नारळ काढला, कानाशी धरून हलवून पाहिला.

“नाल्ल म्हजो,” म्हणाले, आणि काखेत मारून निघून गेले.