टेक्सासमध्ये टॅक्स नाही? अर्धीच गोष्ट फिरतेय
डॅलस-ऑस्टिनकडे शिफ्ट होणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की टेक्सासला गेलं की इन्कम टॅक्सही नाही आणि रिटर्नही भरायला नको. प्लीज यावर विसंबू नका. नाहीये तो फक्त राज्याचा इन्कम टॅक्स, फेडरल (म्हणजे केंद्र सरकारचा) टॅक्स अख्ख्या अमेरिकेत सारखाच लागतो, म्हणजे पगार टॅक्स कापून येणार आणि फॉर्म १०४० (फेडरल टॅक्सचं रिटर्न) साधारण १५ एप्रिलपर्यंत भरायचाच. आणि वर्षाच्या मधेच कॅलिफोर्नियातून आलात तर तिथे राहून कमावलेल्या महिन्यांसाठी कॅलिफोर्नियाचा ५४०एनआर (वर्षातला काही काळच तिथे राहिलेल्यांसाठीचा राज्याचा टॅक्स फॉर्म) भरावा लागतो, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही आणि मग नंतर नोटीस येते तेव्हा जीव घाबरा होतो. भारतातल्या एनआरई एफडीचं (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या मुदत ठेवीचं) व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इथे अमेरिकेत टॅक्सच्या दृष्टीने रेसिडेंट असाल तर रिटर्नमध्ये दाखवायचंच. बाकी टेक्सासमध्ये सेल्स टॅक्स राज्याचा ६.२५, लोकल धरून ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि प्रॉपर्टी टॅक्स तर चांगलाच जड आहे, त्यामुळे घर घेतलं की होमस्टेड एक्झेम्प्शनचा (स्वतः राहत्या घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्समधल्या सवलतीचा) अर्ज नक्की करा, तो आपण केल्याशिवाय मिळत नाही.