आईचा डीएस-२६० कसा भरावा (आणि परत कसा भरावा)

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचा, म्हणजे तिकडे कायमचं राहायला जायचा, फॉर्म भरायला बसताय? वा. हा फॉर्म ऑनलाइनच भरायचा, इंग्रजीतच भरायचा, आणि अर्जदार चौऱ्याहत्तर वर्षांची आई असली तरी भरणार तुम्हीच, इकडे राहिलेलं भावंड. तिकडच्या भावाचं काम संपलं, त्याने पिटिशन, म्हणजे आईला तिकडे बोलवायचा अर्ज, केलीये आणि फी भरलीये. (३२५ आणि १२० डॉलर, तेही अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच, कार्ड चालत नाही. त्यामुळे तो म्हणतो सगळं मीच केलं.)

तर काही टिपा.

लॉगिनला लागणारे केस नंबर आणि इनव्हॉइस नंबर एकाच चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. जपून ठेवली की सापडत नाही.

'आधीची इतर नावं' इथे प्रामाणिक राहा. आमच्या आईचं नाव लग्नात बदललं, तांदळात लिहून. ते तांदूळ केव्हाच शिजले.

आता पत्ते. वयाच्या सोळाव्या वर्षापासून अर्जदार जिथे जिथे राहिला ते सगळे पत्ते, कधीपासून कधीपर्यंत, तारखांसकट. म्हणजे आईच्या बाबतीत साठीच्या दशकातलं माहेर, आणि मग बाबांची बदलीची नोकरी, दर तीन वर्षांनी नवं गाव. आईला विचारा. ती सांगेल, "तू झालास तेव्हा आपण देशपांड्यांच्या माडीवर होतो ना, पाऊस फार होता त्या वर्षी." हे त्या चौकोनात बसवा. पिनकोड विचारतील, पण पिनकोड आपल्याकडे आला १९७२ च्या ऑगस्टमध्ये, माहेरच्या घराला तो कधी नव्हताच (लागू नाही म्हणायचा चौकोन आहे म्हणा, नशीब). घाई करू नका. आईला आठवू द्या, मावशीला फोन लावा, मावशी आणि आई दोघी भांडू देत की ते घर आधी का हे आधी, तुम्ही शांतपणे अकरा पत्ते टाइप करा आणि खाली नेक्स्ट दाबा. लॉगिनचं पान येईल. वीसेक मिनिटं बटण दाबलं नाही की सेशन संपतं, तुम्ही टाइप करत होतात हे त्याच्या गावीही नसतं, आणि अकरापैकी एकही पत्ता राहिलेला नसतो. माझे दोनदा गेले. दुसऱ्यांदा तर मला माहीत होतं तरी गेले, कारण आईला मधेच आठवलं की एका गावात आपण दोन घरं बदलली होती.

सोशल मीडिया, पाच वर्षांचा. आई फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवते.

सुरक्षेचे प्रश्न रात्री, मालिका संपल्यावर विचारा. "आई, तू कधी लहान मुलांना सैन्यात भरती केलंस का? जबरदस्तीने कुणाचे अवयव काढलेस का? अतिरेकी कारवाया करायला जाणारेस का?" ती म्हणाली, "मी तर बाळाला बघायला जातेय."

शेवटी सबमिट. बिनधास्त दाबा, कारण त्यानंतर स्पेलिंग चुकलेलं दिसलं तरी हात लावता येत नाही, फॉर्म परत उघडून द्या म्हणून विनवणी करायची आणि बसायचं.

पण खरं सांगू का, पुरे झालं. अहो अमेरिकावाले, माणसाला चंद्रावर पाठवलंत ना तुम्ही १९६९ मध्ये? मग त्या पानावर एक घड्याळ दाखवायला काय जातं तुमचं? "पाच मिनिटं राहिली" एवढं ठळक लिहा. टाइप केलेलं आपोआप सेव्ह करा. हा फॉर्म म्हातारी माणसं भरतात, त्यांचं आयुष्य वीस मिनिटांत आठवत नाही. त्या बाईने काल तिसऱ्यांदा तेच पत्ते सांगितले आणि शेवटी मलाच म्हणाली, "राहू दे, मी नाही गेले तर नाही गेले." लाज वाटायला हवी.

आणि तू रे, तिकडे बसून रोज "झालं का?" विचारणाऱ्या. नाही झालं. आज रात्री आईला व्हिडिओ कॉल लाव, ती पत्ते सांगेल, तू टाइप कर.