पाऊस मी म्हणत होता

काल दुपारी झेरॉक्सच्या दुकानात माझा अपमान झाला, तोही पाच रुपये पान या दराने.

दिवाळी अंकाला कथा पाठवायची होती. संपादकांना ती कागदावरच हवी (1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून बहुतेक हेच संपादक असावेत), मानधन म्हणून अंकाची एक प्रत, आणि घरच्या प्रिंटरने ऐनवेळी मान टाकलेली. म्हणून तहसील कचेरीसमोरच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेलो.

पहिलं पान बाहेर आलं पण काका ते माझ्या हातात देईनात. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि दाखल्यांसाठी उभ्या असलेल्या सात-आठ जणांना ऐकू जाईल असं वाचलं, "पाऊस मी म्हणत होता."

मग माझ्याकडे बघून, "कोण म्हणत होता?"

"पाऊस."

"काय म्हणत होता?"

"मी."

"तुम्ही?"

"अहो मी नाही, पाऊस! पाऊस मी म्हणत होता. म्हणजे जोरात होता."

"मग जोरात होता लिहा की. आणि कुठल्या तारखेचा? तारीख नसली की परत पाठवतात. परवाच एकाचा पंचनाम्याचा अर्ज परत आला."

म्हटलं काका, ही गोष्ट आहे, अर्ज नाही. तर म्हणाले, "गोष्ट असली म्हणून काय झालं, पहिल्या ओळीत माणूस नको? मी खाली सही करणार अमुक तमुक, वय इतके, धंदा शेती, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. तीस वर्षं टाइप करतोय, एकानेही अर्ध्यात सोडलेलं नाही." लाईनीतल्या एकाने मान डोलावली. तो कोण मान डोलावणारा?

राग याचाच येतो की हे सगळं मला माहीत होतं. बाराशे रुपये भरून ऑनलाइन कार्यशाळा केलीय मी, त्यात तीन तास हेच की पहिल्या ओळीने वाचकाची कॉलर धरायची आणि काही झालं तरी हवामानापासून सुरुवात करायची नाही. बुलवर-लिटन नावाच्या इंग्रज लेखकाने 1830 साली काळोख्या वादळी रात्रीपासून कादंबरी सुरू केली, तर त्याची इतकी टर उडाली की 1982 पासून अमेरिकेत त्याच्या नावाने सगळ्यात वाईट पहिल्या ओळीची स्पर्धाच सुरू झाली. तरी मी पाऊस लिहिला. कारण आधीच्या चौदा ओळी याहून भिकार होत्या, एकीत तर मोबाइलचा अलार्म वाजत होता.

आणि काका चूक होते असंही म्हणता येईना. 1963 ची 'कोसला' काढून बघा, पहिल्याच वाक्यात नायकाचं नाव आणि वय हजर. फक्त राहणार कुठे तेवढं राहिलं.

पण हे मी काकांना कशाला सांगू?

तेवढ्यात मागच्या मावशी वैतागल्या. "दादा, तुमचा पाऊस आवरा आता. मला मी जिती असल्याचा कागद करायचाय. दिरानं सातबाऱ्याला मला मयत दाखवलीय."

सगळी लाईन वळली. काकांनी माझी प्रिंट तिसऱ्या पानावर थांबवली. मान डोलावणारा म्हणाला, "मग?" आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणालो, "मग?"

मावशींनी सांगायला सुरुवात केली. तलाठ्याकडे चार खेपा झालेल्या, आणि तलाठी त्यांना समोर बसवून चहा पाजतो, पण जिवंत आहात असं लिहून द्यायला तयार नाही. काकांनी लिहून घ्यायला हाताशी लागलेला कागद उलटा केला आणि घाईघाईने नाव, वय, गाव टिपलं. तो कागद म्हणजे माझं पहिलं पान होतं.

मावशींचं झाल्यावर मी पान परत मागितलं.

"ते आता त्यांचं झालं," काका म्हणाले. "तुम्हाला दुसरं काढून देतो. पाच रुपये."