‘मी चित्र करलं’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, नवऱ्याला वाचून दाखवली आणि मग चार दिवस तिच्यावर विचार केला. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या बोलण्याविषयी लिहिलं होतं. ती ‘मी चित्र करलं’, ‘बाबा ऑफिसला जाला’, ‘मी हात धुले’ असं म्हणते आणि मला ते ऐकायला फार आवडतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की ३५ वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला हे वाचून वाईट वाटलं. आईच चुकांचं कौतुक करत बसली तर शाळेनं काय करायचं? मुलगी असून ती ‘मी येतो’ म्हणते, तेही तुम्ही खपवून घेता. आणि शेवटी, लेकरांचं असं चारचौघांत हसं करू नये.

शेवटचा मुद्दा मनाला लागला. त्याच्याकडे येतेच. आधी ‘करलं’.

सर, ती अडीच वर्षांची असताना ‘केलं’ अगदी बरोबर म्हणायची. ‘आईनं केलं’, ‘दादानं केलं’. ‘करलं’ सुरू झालं तीन पूर्ण झाल्यावर. पोरगी मागे चालली की काय, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. मग एका दुपारी ती भातुकली मांडून स्वतःशीच बोलत होती, ‘पाणी भरलं, भाजी चिरली, जेवण करलं’, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भर-भरलं, चिर-चिरलं, धर-धरलं, मार-मारलं. मग कर-करलं! आधी ती ऐकलेलं तसंच्या तसं म्हणत होती. आता तिला नियम सापडला होता, आणि तो तिला कुणीही सांगितला नव्हता. आमच्या घरात ‘करलं’ कुणी उच्चारतच नाही, ती ऐकणार कुठून? बरं, आपली भाषा तरी तिला किती साथ देते बघा. कर-केलं, जा-गेला, ये-आला, घे-घेतलं, धू-धुतलं, माग-मागितलं. दिवसभर तोंडात असणारी क्रियापदंच नेमकी वेगळ्या वाटेनं जाणारी.

जीन बर्को या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९५८ साली लहान मुलांवर केलेला एक प्रयोग भाषेच्या अभ्यासात फार प्रसिद्ध आहे. त्यांनी मुलांना एक काल्पनिक प्राणी दाखवला, त्याचं नाव ठेवलं ‘वग’, आणि मग तसे दोन दाखवून विचारलं, हे काय? मुलांनी जन्मात न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बिनचूक केलं, ‘वग्ज’. तेच मी घरी मराठीत करून पाहिलं. कागदावर एक गोळा काढला आणि म्हटलं, ‘हा डिमका. आता दोन काढले. हे कोण?’ क्षणाचाही विलंब नाही. ‘डिमके!’ ‘ही गिंबी. अशा दोन?’ ‘गिंब्या.’ मग जरा अवघड म्हणून, ‘हे फुबडं. अशी दोन?’ ‘फुबडी,’ आणि वर मलाच प्रश्न, ‘फुबडी काय खातात?’ तीन लिंगं आणि प्रत्येकाचं वेगळं अनेकवचन! तुम्ही वर्गात हेच फळ्यावर लिहून शिकवलं असेल. ते त्या पोरीकडे शाळेत जायच्या आधीच आहे. मी कौतुक करते ते याचं.

आणि मी तिला चुकीचंच बोलू देते असं नाही. ती ‘चित्र करलं’ म्हणाली की मी म्हणते, ‘चित्र केलंस? कधी केलंस? सूर्य निळा का केलास?’ तीन वाक्यांत तीनदा तिच्या कानावर बरोबर शब्द जातो आणि तिचं सांगणंही तुटत नाही. मधेच थांबवून ‘करलं नाही, केलं म्हण’ असं मी करून पाहिलंय. ती ‘केलं’ म्हणते, पण निळ्या सूर्याची गोष्ट तिथंच संपते. मला ती गोष्ट हवी असते.

‘मी येतो’चं म्हणाल तर माझ्या सासूबाई कोल्हापूरच्या. त्या दारातून बाहेर पडताना ‘येतो गं मी’ म्हणतात आणि परत आल्यावर ‘आलो’. त्यांच्या आई, बहिणी, शेजारणी सगळ्या तसंच बोलत आल्या. पंचगंगेकाठच्या कितीतरी बायकांची ती घरची, अस्सल मराठी आहे. लेक निम्मा दिवस आजीजवळ असते, उरलेला दादाच्या मागे. ती ‘येतो’ नाही म्हणणार तर काय? बालवाडीत बाईंच्या तोंडून ‘येते’ ऐकून तिनं तेही उचललंय. हल्ली आजीशी बोलताना ‘येतो’, बाईंशी बोलताना ‘येते’. हे मी सुधारणार नाही, सर. इथं आपलं जमणार नाही असं दिसतंय.

तिचा दादा सात वर्षांचा आहे. परवापर्यंत तो अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर असं मोजायचा. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे सगळं येत असलेल्या मुलानं नव्व्याण्णवला दुसरं काय म्हणावं? २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीस याऐवजी ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तुम्हाला आठवत असेलच. जोडाक्षरांचे आकडे मुलांना जड जातात, आणि लिहिताना दशक आधी पण बोलताना एकक आधी यानं ती गोंधळतात, असं त्यामागचं कारण गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. मला स्वतःला त्रेपन्न, अडुसष्ट हवेतच, ते गेले तर मला फार वाईट वाटेल. पण मूल कुठं आणि का अडतं, हे आधी नीट बघणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. तिथं तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

थोरला चार वर्षांचा असताना त्याला ‘ळ’ म्हणता येत नव्हता. शाला, फला, काला. एका बारशाला नात्यातल्या कुणीतरी त्याला समोर उभं केलं आणि ‘काळं कुळकुळीत’ म्हणायला लावलं, पुन्हा पुन्हा. सगळे हसले. मीही हसले. पुढचे कितीतरी दिवस तो ‘ळ’ असलेला शब्दच टाळायचा. पिवळा डबा हवा असला की ‘लिंबाच्या रंगाचा’ म्हणायचा. केळं नुसतं बोटानं दाखवायचा. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. हे सगळं माहीत असून मी त्या लेखात त्याच्या ‘शाला’वर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी तो परिच्छेद त्याला वाचून दाखवला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘हे नको ना.’ त्याच संध्याकाळी काढून टाकला. यापुढे त्याच्याबद्दल जे लिहीन ते आधी त्याला वाचून दाखवीन. धाकटीला अजून विचारून कळणार नाही, म्हणून तिचं बरंचसं आता माझ्या वहीतच राहील. ती मोठी झाली की वही तिची. हे तुमच्यामुळे झालं, सर. मनापासून आभार.

आणि एक सांगायचं राहिलं. ‘करलं’ गेलं. गेल्या बुधवारी ती कागद नाचवत आली, ‘आई, बघ, मी डोंगर केला!’ त्यानंतर मी कान लावून बसलेय, पण एकदाही आलं नाही. वहीत तारीख घातलीय. ‘धुले’ मात्र अजून आहे. काल जेवायला बसताना तिनं ओले हात माझ्यापुढे धरले.

‘धुले!’

‘धुतलेस? साबणानं धुतलेस?’

‘हो. साबणानं धुले.’