हायड्रिलाच्या पेशींत सगळं ‘आपोआप’ जात नाही

“पाणवनस्पती पाण्यातच असतात, म्हणून अन्न, क्षार, सगळं परासरणाने एका पेशीतून दुसरीत आपोआप जातं, मुळं फक्त धरून ठेवायला असतात.” विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये आणि मत्स्यटाकीच्या ग्रुपवर फिरणारं हे वाक्य मुद्द्यागणिक चुकतं.

‘सगळं परासरणाने जातं.’ परासरणाने जातं ते पाणी. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या शेंड्याजवळचं कोवळं पान काचपट्टीवर घ्या, १०० मिलीमध्ये ५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्याचा थेंब सोडा आणि सूक्ष्मदर्शकाच्या ४० पट भिंगाखाली पाहा. काही मिनिटांत हरितलवकांचा गोळा पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसतो. पाणी बाहेर गेलं, पण मीठ तितक्या झपाट्याने आत शिरलं नाही, कारण भित्तिकेच्या आतलं पातळ आवरण, म्हणजे प्रद्रव्यपटल, निवड करतं. लगेच साधं पाणी दिलं तर पेशी पुन्हा फुगतात. पान मिठात फार वेळ राहिलं तर पेशी मरतात आणि आक्रसलेला गोळा तसाच राहतो. प्रयोग फसतो तो बहुतेकदा इथेच.

‘पेशींमधली दारं सताड उघडी असतात.’ शेजारच्या पेशी प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात. त्यांची जाडी साधारण ३० ते ६० नॅनोमीटर, म्हणजे शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्या दिसणारच नाहीत. संशोधक गुडविन यांनी १९८३ साली एलोडिया या पाणवनस्पतीच्या पेशींत चमकणारी रंगद्रव्यं टोचली. ६६५ डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू शेजारच्या पेशीत गेले, ८७४ आणि त्यापुढचे अडकले. सुक्रोज, म्हणजे साखर, ३४२ डाल्टनचं, त्यामुळे ते सहज मावतं. प्रथिनं सहसा नाहीत. ही मर्यादाही कायमची नसते. एगेरिया डेन्सा या जवळच्या वनस्पतीच्या पेशीत कॅल्शियम टोचलं की रंगद्रव्यांचा प्रवास थांबतो.

‘मग विसरण पुरेसं आहे.’ विसरण म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे रेणूंचं आपोआप पसरणं. एका पेशीपुरतं, हो. सुक्रोजला पाण्यात ०.१ मिलिमीटर जायला सुमारे १० सेकंद लागतात; पण काळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून १ सेंटिमीटरला २७ तास आणि १० सेंटिमीटरला शंभराहून जास्त दिवस. लांब पल्ल्यासाठी अन्न वाहून नेणारी रसवाहिनी लागतेच, आणि ती हायड्रिलाच्या खोडात असते. पेशीच्या आत पेशीद्रव्य फिरत असतं, त्यानेही मदत होते. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पानात कडेने सरकणारी हरितलवकं हे फिरणं स्पष्ट दाखवतात.

‘मुळं फक्त धरून ठेवतात.’ हायड्रिला तळाच्या गाळातून मुळांवाटे फॉस्फरस घेते आणि तो खोडात वर पोहोचतो. टाकीत मुळं धरणाऱ्या रोपांना नुसतं द्रव खत घालून तळ निकस ठेवला, तर ती उपासमार मुळांचीच.